पाठीचं मांस, फणीचा ठोका

बाजाराला निघण्याआधी वच्छलेनं चरख्यावर एक कांडी (आडव्या सुताची नळी) भरली आणि माझ्या हातात दिली. "आल्यावर धोट्यात लावजा," म्हणाली. आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं ते शेवटचं काम. नाल्यापाशी बंडी (बैलगाडी) उलटली. वच्छला तिथंच गेली. माझा उजवा दंड चाकाखाली सापडला. हाड जुळलं, पण पुढचं मांस सडलं, ते काढून टाकावं लागलं. कोपर वाकेना, आणि कोपराशिवाय आडवं सूत आरपार नेणाऱ्या धोट्याची दोरी ओढता येत नाही. लुगडं मागावर अर्धं राहिलं.

पुढं लेक शकुन मला न्यायला उमरेडला घरी आली. एसटीत तिनं संत्रं सोललं आणि एकेक फोड माझ्या तोंडात घातली. शेजारची बाई म्हणाली, "काहून वं, बापाले भरवून राहिली?"

"लेकरूच हाय माय. फक्त दात पडले."

मी डाव्या हातानं खिसा चाचपला. कांडी खिशात होती.

नागपुरात सक्करदऱ्याला शकुनच्या घरी उतरलो. दुसऱ्या दिवशी दवाखाना. डॉक्टर म्हणाले, "बाबा, पाठीवरचं मांस दंडावर आणू, म्हणजे कोपर वाकेल."

"बकऱ्याचं लावा ना. माह्यं काहून कापता?"

"परक्याचं मांस अंग ठेवून घेत नाही. आणि तुमचंही तोडायचं नाही. त्याची रक्ताची नळी आणि नस शाबूत ठेवून काखेतून पुढं वळवायचं."

हे मला कळलं. सूत न तोडता वळवलं की गाठ पडत नाही. डाव्या हातानं वाकडी सही केली.

ऑपरेशननंतर कित्येक आठवडे हात छातीशी बांधलेला. मग व्यायामाच्या बाई रोज म्हणायच्या, "काका, कोपर वाकवा." मी घाम गाळायचो, हात ढिम्म. एकदा त्या म्हणाल्या, "खोका बरं." खोकलो तर दंड टरारला. मांस जिवंत होतं, पण त्याला नवं काम ठाऊक नव्हतं.

शकुन म्हणाली, "बाबा, आता घासागणिक खोकत बसा."

बाईंनी विचारलं, "आधी या पाठीनं काय करायचात?"

"फणी ओढायचो. सूत ठोकून बसवायले."

"मग तेच करा."

डोळे मिटले. माग समोर आणला आणि फणी छातीकडे ओढली. बोटं हनुवटीला लागली.

"आईनं पाहाले पाहिजे होतं," शकुन म्हणाली.

"गप वं," म्हटलं. फणी पुन्हा ओढली.

सक्करदऱ्याला भाकर-भरताचा पहिला घास स्वतःच्या हातानं खाल्ला. निम्मा सदऱ्यावर सांडला. कोणी पुसायला धावलं नाही, हे शकुनचे उपकार आहेत. डॉक्टरला अर्ध्या लुगड्याचं सांगितलं आणि म्हटलं, तुमच्यासाठी पंचा विणतो. ते म्हणाले, "आधी ते लुगडं पुरं करा." त्या माणसाचं आणि त्या बाईंचं भलं होवो. गेलेलं माणूस काही त्यांना आणता येत नव्हतं. मला मात्र त्यांनी कामाला लावून परत पाठवलं.

संध्याकाळी उमरेडला पोचलो. उंदरानं मागावरचे उभे दोन धागे तोडले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी धागे सांधले, वच्छलेची कांडी धोट्यात घातली आणि दोरी ओढली. दोरीच्या ताणानं कोपर अर्धंच वाकलं, वीण विरळ पडली. उसवली नाही. चार बोटं लुगडं झालं आणि नळी रिकामी झाली. मग उठून चरख्यापाशी तिच्या जागेवर बसलो आणि दुसरी भरली.