मध्यंतरानंतरची सिंफनी

मंडळी, आज दुपारी इथे अमेरिकेत, ॲन आर्बरमध्ये, एका विस्मरणात गेलेल्या ब्रिटिश संगीतकाराच्या दोन सिंफनी ऐकल्या. पहिली संपताच निम्मा हॉल उठून गेला. इतकं सुंदर संगीत आधीच कोणी वाजवत नाही, आणि वाजवलं तर यांना पार्किंगमधून गाडी काढायची घाई.

दुसरीचा संथ भाग सुरू झाला आणि माझे यजमान आठवले. ते हिवाळ्यात गेले. फ्युनरल होममध्ये आम्हाला ठरावीक वेळ दिली होती, पुढचं कुटुंब बाहेर ताटकळत होतं. मी आपली सगळ्यांना थँक यू म्हणत राहिले. रडायचं राहूनच गेलं.

तो भाग संपला. सिंफनीच्या मधे टाळ्या वाजवायच्या नसतात, त्यामुळे हॉल अगदी चिडीचूप होता. त्या शांततेत मला मोठ्याने हुंदका फुटला. पुढच्या बाई वळून बघायला लागल्या.

"आई, पीपल आर लुकिंग," शेजारी बसलेली लेक कुजबुजली.

"बघू देत. तिकीट काढून रडतेय."

लेकीने माझा हात धरला. मग तीही रडली.

चारचौघांत रडू नये, असं आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सनी बजावलं होतं. इथे तर चारचौघं घरी यायलाही आधी फोन करतात, आणि एकटीला रडू फुटत नाही. तुम्ही कुठे रडता हो?