आत्याच्या धाबळीचा तुकडा

आमच्या घरात परीक्षांच्या नावांचा नुसता सावळागोंधळ होता. अण्णा, म्हणजे माझे वडील, इंटर नापास; पण सांगताना ऐटीत ‘इंटरपर्यंत’ म्हणायचे. आई धारवाडकडची, तिच्या लेखी जगात परीक्षा एकच, मॅट्रिक. आणि आम्ही राहायचो म्हैसूर राज्यात, तिथं बसवनगुडीत आमच्या आजूबाजूला ज्याच्या त्याच्या तोंडी एसएसएलसी. ही एसएसएलसी म्हणजे तिकडची मॅट्रिकच, हे आत्याला पटवता पटवता माझ्या नाकी नऊ आले. “मग दोन नावं कशाला गं? म्हैसूरवाल्यांना साधं मॅट्रिक म्हणता येत नाही?” असं ती विचारायची.

आत्या अण्णांची थोरली बहीण. तिसरीतून शाळा सुटली, लग्न झालं, आणि वर्ष-दोन वर्षांत पांढऱ्या कपाळानं भावाकडे परत आली. घरात तिच्या शब्दापुढे अण्णांचंही काही चालत नसे. सोवळं तर असं कडक की विचारू नका. सोवळ्याला आमच्याकडे मडी हा कानडी शब्दच रुळला होता. आत्या मडीत असली, लोकरीची धाबळी नेसून चुलीपाशी बसली, की आम्ही पोरींनी स्वयंपाकघराच्या दारातही फिरकायचं नाही.

मला शाळेत शिकवायचं होतं. त्यासाठी आधी एसएसएलसी, मग नवीच निघालेली पीयूसी, म्हणजे कॉलेजची पहिली पायरी, मग बी.ए., मग बी.एड. हे सगळं ऐकून आत्यानं डोळे मोठे केले. “अगंबाई! मी असेपर्यंत संपेल ना?” म्हणाली. पण खरी मेख पहिल्याच पायरीवर होती. आमच्या वेळी नुसतं पास होऊन भागत नसे. निकालात ‘कॉलेजला पात्र’ असा शेरा पडावा लागे, आणि त्याला गुण जास्त हवेत. अण्णांनी तर सांगूनच टाकलं होतं, “शेरा पडला तर कॉलेज. नाही पडला तर हुबळीचं स्थळ बघून ठेवलंय.” आणि माझं गणित म्हणजे आनंदीआनंद! सराव परीक्षेत मी गणितात सपशेल आपटले होते.

त्यात घरात अक्काचं उदाहरण ताजं होतं. अक्का माझी थोरली बहीण, माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. ऐन गणिताच्या पेपरच्या आदल्या दिवशी ती बाजूला बसली. बाजूला बसलेल्या बाईनं कशाला शिवायचं नाही, आणि पुस्तकाला तर नाहीच नाही, कारण पुस्तक म्हणजे सरस्वती. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचा प्रश्नच नव्हता. तिचा पेपर बुडाला. अण्णांना वाटलं, बाकीच्या विषयांत तर पोरगी पास आहे, एकाचं काय एवढं? शाळेत जाऊन विचारून आले आणि तोंड पाडून बसले. एक विषय गेला की सगळा निकाल गेला, हे त्यांना तिथं कळलं. त्याच उन्हाळ्यात अक्काचं लग्न झालं.

आणि बघा नशीब! माझ्याही गणिताच्या आदल्या दिवशी, दुपारची कॉफी व्हायच्या आत, मी बाजूला बसले.

मागच्या खोलीत कांबळ्यावर बसून मी हमसून हमसून रडले. आई दारात उभी राहून पदरानं डोळे पुसत होती, पण आत्यासमोर बोलायची तिची छाती नव्हती. पुस्तक समोरच्या कोनाड्यात, हात लांबवला तर मिळेल इतक्या जवळ. मला हुबळी दिसायला लागली. शेवटी मी चिडून ओरडले, “अक्काचं वाटोळं झालं, आता माझंही करा!” आत्याला उलट बोलणारं त्या घरात कोणी नव्हतं. आई तर थिजलीच.

आत्या उठली. स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळानं आली तेव्हा तिच्या हातात अण्णांची कातर होती, आणि धाबळीच्या पदराचा चांगला वीतभर रुंद तुकडा. तिची एकुलती एक धाबळी! “तू कशावर बसली आहेस?” तिनं विचारलं.

“कांबळ्यावर.”

“का?”

“लोकरीला विटाळ नसतो म्हणून.”

“मग सरस्वतीला लोकर नेसवली की झालं. रडतेस काय वेड्यासारखी?” तिनं स्वतः बसून गणिताच्या पुस्तकाला त्या तुकड्याचं कव्हर शिवलं, मोठ्या मोठ्या टाक्यांनी. पानं उलटायला लोकरीची चिंधी दिली. मग दगडी पाटी आणून सरकवली. “ही धुतली की शुद्ध. कर गणितं, उद्या पेपरला जायचंय.” मला हसू आणि रडू एकदमच आलं.

सकाळी मी निघाले तर ती अंगणात वाट अडवून उभी. मडीतच होती, हातात दह्याची वाटी. बाजूला बसलेलीच्या हातावर वरूनच टाकायचं असतं. तिनं माझा हात आपल्या हातात घेतला, तळव्यावर दही ठेवलं, डोक्यावरून हात फिरवला. “स्वल्प धीर धर. सरी होईल, ठीक होईल सगळं,” म्हणाली, आणि तडक मोरीकडे गेली. फाटकापाशी पोचले तरी मला तिच्या अंगावर पडणाऱ्या गार पाण्याचा आवाज येत होता. त्या म्हातारीवर मी त्या क्षणी जितकं प्रेम केलं, तितकं आयुष्यात फार कमी माणसांवर केलं असेल.

निकाल लागला. शेरा पडला! गणितात काठावर का होईना, तरले. अक्का तेव्हा बाळंतपणाला आली होती, मांडीवर महिन्याची लेक. अण्णा पेढे आणायला धावले. आत्यानं मला तो शेरा पुन्हा पुन्हा वाचायला लावला, आधी इंग्रजीत आणि मग अर्थ सांगून. मी आनंदानं वाचत होते, आणि एकदम बघते तर ती रडत होती.

“तुझ्या वेळी मला हे का गं सुचलं नाही?” ती अक्काला म्हणाली. “लोकर तेव्हाही घरातच होती.”

अक्कानं गणिताचं पुस्तक ओढून घेतलं, कव्हरावरून हात फिरवला. मग म्हणाली, “राहू दे आत्या. हा तुकडा माझ्या लेकीला ठेव.”

आत्यानं नाक पुसलं, वाकून बाळाकडे बघितलं.

“तिला कशाला लागतोय?” ती म्हणाली. “ती पेपरला अशीच जाईल.”