पंधरा नाही, आठच ठोकळे

आमच्या शाळेतल्या सहावीच्या पालकांनो, आपल्या पोरांना गणित पाठ होतंय, समजत नाहीये. तुम्ही वैतागलात. मीही.

आणि ज्या समजावून सांगायच्या, त्या फिलोमिना टीचर गेल्या.
त्यांना जाऊन महिना झाला, म्हणून आज चर्चमध्ये त्यांच्यासाठी मिस्सा, म्हणजे प्रार्थना होती. तिथून आलो तो चिडूनच.

टीचर गास गावच्या. गोखिवऱ्याच्या एका वर्कशॉपमधून त्यांनी लाकडी ठोकळे कापून आणले होते. ठोकळ्याची प्रत्येक बाजू दोन सेंटिमीटर.
सोबत एक पुठ्ठ्याचा खोका. आतून लांबी, रुंदी, उंची, सगळं पाच सेंटिमीटर.

खोक्यात किती ठोकळे बसतील?

वर्ग सूत्र घेऊन धावायचा. एकशे पंचवीस भागिले आठ. "पंधरा, टीचर! वर थोडं उरतं."

"हो का? ये, भरून दाखव."

खाली चार बसायचे, त्यावर चार. मग नुसत्या फटी. उरलेले ठोकळे हातातच.

"आता का थांबलास? पानी हाय का ते, ओतलं की बसंल?"

अर्नाळ्याची एक पोरगी म्हणाली, "टीचर, तासून बसवू?"

"तास! आणि मग त्याला ठोकळा म्हणून दाखव, शहाणे!"

अख्खा वर्ग हसला. माझी मुलगीही. घरी येऊन तिने साखरेच्या डब्यात खोडरबर भरून बघितले.

परवाच्या टेस्टमध्ये हाच प्रश्न आला. मुलीने आठ लिहिलं.
फुली.

नव्या सरांना भेटलो. "आन्सर-कीमध्ये पंधरा आहे, साहेब."

"सर, एकदा ठोकळे भरून बघू या ना."

"ते आता मिळणार नाहीत. टीचरांची आठवण म्हणून काचेच्या कपाटात ठेवलेत. कुलूप आहे. हारसुद्धा घातलाय."

हार. ठोकळ्यांना!

ज्या बाईने प्रत्येक गोष्ट पोरांच्या हातात दिली, तिच्या नावाने आपण पोरांच्या हातातली वस्तू काढून घेतली. आपल्याला माणूस पूजता येतो. त्याचं ऐकायचं म्हटलं की आपले कान बंद.

रात्री जेवताना मुलीने विचारलं, "पप्पा, वार्षिक परीक्षेत पंधराच लिहू का?"

खरं उत्तर येत असलेली पोर खोटं लिहायची परवानगी मागत होती.

टीचर, शांत झोपा. भांडायचं काम आता आमचं.

पालकांनो, शनिवारी पालकसभा आहे. भाषण नको, हार नको. उभे राहा आणि एवढंच मागा: ते कपाट आत्ता, आमच्यासमोर उघडा आणि ठोकळे सहावीच्या वर्गात द्या.