चकली पडायला हवी होती

"तुला नको गं फाउंडेशन. तू आहेसच ओरिजिनल."

सुलभाकाकूंनी तपकिरी रंगाचा स्पंज माझ्या गालापर्यंत आणला आणि मागे घेतला. मेकअपच्या खोलीत आठ-दहा जणी होत्या. सगळ्या हसल्या. मीही हसले. काकूंच्या बोलण्यापेक्षा मला माझ्या त्या हसण्याची जास्त किळस येते. अजून येते.

२००४ ची दिवाळी. अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावाजवळच्या एका शाळेचं ऑडिटोरियम, आमच्या मराठी मंडळाचा कार्यक्रम. सुलभाकाकू मंडळाच्या कल्चरल सेक्रेटरी. पुण्याच्या, पंचवीस वर्षं अमेरिकेत. मी इंजिनिअरिंगच्या मास्टर्सला आलेली, गाडी नसलेली. किराण्याला त्याच न्यायच्या. परत येताना वरणभाताचा डबा द्यायच्या. त्यांचं मीठ खाल्लं होतं. माझी जात त्यांनी कधी विचारली नाही. आडनाव विचारलं होतं, तेवढं पुरलं.

स्किट काकूंनीच लिहिलेलं. दिवाळीत तीन झाडूवाल्या एका घरी फराळ मागायला येतात. हात लागू नये म्हणून मालकीणबाई वरून चकली टाकते. ती पदरात न पडता जमिनीवर पडते. झाडूवाली वाकून उचलते, फुंकर मारते, खाते आणि म्हणते, "बाईसाहेब, लई खुसखुशीत हाय!" बस. एवढाच विनोद. दोन झाडूवाल्या गोऱ्यापान, म्हणून त्यांना रंग फासला. तिसरी मी. चकली उचलणारी.

तालमीत एक भलतीच अडचण आली. चकली पडेचना. मालकीणबाई झालेल्या काकू टाकायच्या आणि मी झेलायची. दर वेळी. हात आपोआप पुढे व्हायचे. आईने शिकवलेलं. पदर ताणून धरायचा नाही, टाकलेलं उडतं. सैल झोळी धरायची. नजर देणारीच्या हातावर ठेवायची, तोंडावर नाही.

माझी आई नगरपालिकेत झाडूवाली. लहानपणी दिवाळीत मी तिच्याबरोबर बंगल्याबंगल्यांतून फिरले आहे. तिचा एकच नियम होता. पदरात पडलं ते आपलं. खाली पडलं ते उचलायचं नाही. लाडू असो की अनारसा. त्यासाठी वाकायचं नाही. मी एकदा वाकले होते, तर तिने तिथेच, त्या बाईसमोर, माझ्या पाठीत धपाटा घातला होता. "झाडायला वाकतो तेवढं पुरे," म्हणाली होती.

"अगं, कॅच काय करतेस? पडू दे ना! तिथेच तर लाफ्टर आहे," काकू वैतागल्या.

कार्यक्रमात मी पडू दिली. वाकले. उचलली. खाल्ली. अख्खं ऑडिटोरियम हसून फुटलं. पुढच्या रांगेतले एक काका डोळे पुसत होते. नंतर हात धुताना एक मुलगी म्हणाली, "कसलं नॅचरल केलंस यार!" मी थँक्यू म्हणाले. थँक्यू!

त्या हिवाळ्यात मला युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत काम मिळालं. जुन्या व्हिडिओ कॅसेट डीव्हीडीवर घ्यायच्या. पूर्ण बघायच्या, चित्र हललं, आवाज फाटला तर फॉर्मवर ‘दोष’ या रकान्यात लिहायचं. एक प्राध्यापक बाई होत्या, इंग्लंडच्या, साठीच्या. विसाव्या शतकातल्या ब्रिटनमधली करमणूक आणि बदलत गेलेला समाज, असा त्यांचा कोर्स. त्यांच्या कॅसेट माझ्याकडे आल्या. कामगारांची गाण्याबजावण्याची थिएटरं, समुद्रकाठचे नकलाकार, आणि मग टीव्ही. मजेत बघत होते.

एका कॅसेटवर गोरे पुरुष होते. तोंडाला काळं फासलेलं, ओठांभोवती पांढरा रंग, दात विचकून गात होते. शेजारी झगमगत्या झग्यांतल्या गोऱ्या बाया. त्यांना काही फासलेलं नव्हतं. प्रेक्षक खूश. मी फॉर्म घेतला. चित्र ठीक. आवाज ठीक. दोष: काही नाही. पेन ठेवलं. तोंडात चकलीची चव आली.

बाई डीव्हीडी न्यायला आल्या तेव्हा मी विचारलं, "हे लोक खरंच बघायचे?"

"आम्ही बघायचो. शनिवारी संध्याकाळी, सगळं घर." बाई खुर्ची ओढून बसल्या. बाहेर त्याच देशात कॅरिबियन बेटांवरून आलेली माणसं बस चालवत होती, इस्पितळं सांभाळत होती आणि त्यांना भाड्याने खोली मिळत नव्हती, असं त्यांनी सांगितलं. कुणी तक्रार केली की उत्तर ठरलेलं. हेतू वाईट नाही, निव्वळ करमणूक आहे. मग म्हणाल्या, "शेजारी जमैकाची एक नर्स राहायची. आई तिला चहाला बोलवायची. तीही आमच्याबरोबर बघायची."

"ती हसायची?"

"आठवत नाही," म्हणाल्या. "मी तिच्याकडे कधी बघितलंच नाही."

पुढच्या ऑगस्टमध्ये सुलभाकाकूंनी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाची कॅसेट माझ्याकडे दिली. "तू ते काम करतेस ना, जरा डीव्हीडी करून दे." सुपरवायझरला विचारून मी ती मशीनमध्ये घातली. पूर्ण बघायची सवय. बघितली. चकली पडली. मी वाकले. खाल्ली. आणि टाळ्या वाजताना कॅमेरा जवळ आला तर मी दात काढून हसत होते. काळं न फासता. मी फॉर्म घेतला, गरज नव्हती तरी. चित्र ठीक. आवाज ठीक. दोष: मी हसते आहे.

पुसून टाकता आली असती. एक बटण. नाही पुसली. दोन प्रती केल्या आणि काकूंच्या घरी गेले.

"यंदा सेम स्किट हं. पब्लिक डिमांड आहे. तुझा रोल फिक्स," काकू म्हणाल्या.

"मी नाही करणार."

"का? बिझी आहेस?"

"नाही."

"मग? अगं, गंमत आहे निव्वळ. जातबीत कुठे आली त्यात? इथे आम्हीसुद्धा आमचं टॉयलेट आम्हीच घासतो."

"माझी आई झाडूवाली आहे, काकू. खाली पडलेलं ती कधी उचलत नाही. मी उचललं."

काकूंचा चेहरा पडला. "सॉरी हं. पण आम्हाला काय माहीत?"

"माहीत होतं. म्हणून तर मला फाउंडेशन लावलं नाहीत."

डीव्हीडी टेबलावर ठेवली. "एक तुमची. एक मी ठेवलीय. साक्षीला."

काकू दारापर्यंतही आल्या नाहीत. त्या दिवशी डबा नाही, राइड नाही. पस्तीस मिनिटं चालत घरी आले. मंडळाच्या तिकिटाचा फॉर्म भरला. पहिली रांग, मधली खुर्ची.

मी जाणार. दुसरी कुणी वाकेल, चकली उचलेल, ऑडिटोरियम फुटेल. उजेडात पहिली रांग स्टेजवरून स्वच्छ दिसते, मला माहीत आहे. मी हसणार नाही. मान खाली घालणार नाही. उठून जाणार नाही. त्यांनी माझ्याकडे बघावं. बघावंच लागेल. पुढे कधी कुणी विचारलं, ती हसत होती का, तर आठवत नाही म्हणायची सोय मी त्यांना ठेवणार नाही.