वडिलांचं अंग

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला भिऊन चालत नाही. पण त्या दुपारी बंद लिफ्टच्या छतातल्या चौकोनी झडपेत उस्ताद अडकला आणि त्याची पाचावर धारण बसली. हात वर, पाय खाली लोंबकळलेले आणि पोट मधोमध चौकटीत घट्ट. श्वास घ्यावा तर लोखंड आणखी रुतायचं.

खाली स्टूल धरून उभा असलेला जोडीदार आधी खदखदून हसला. "उस्ताद, तुमच्यासाठी वेगळी झडप पाडायला सांगू का?" वरून नुसतं कण्हणं ऐकू आलं, तेव्हा त्याचाही चेहरा उतरला. त्याने पाय धरून उस्तादला कसंबसं खाली ओढलं.

बरगड्या सोलवटल्या होत्या, पण उस्तादचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याला वडील आठवत होते. अशीच रुंद मान, असंच पुढे आलेलं पोट. पन्नाशी गाठायच्या आत ते एका सकाळी दाढी करता करता आरशासमोर कोसळले होते. थोरल्या भावाच्या पायाचं बोट साखरेच्या आजाराने गेलं होतं.

"आमच्याकडे सगळे असेच. रक्तातच आहे," दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तो डॉक्टरीणबाईंना म्हणाला. "मग माझंही ठरलेलंच का?"

"रक्ताचा वाटा मोठा आहे. तुमच्या अंगाला चरबी लवकर धरते. पण तुमच्या घरी जेवायचे कसे?"

"ताट पुसून. नको म्हटलं की वडील रागवायचे. भांडण झालं तरी गोड, मिटलं तरी गोड."

"सगळी भावंडं त्याच घरात वाढलात?"

"धाकटी बहीण मावशीकडे वाढली. हाडापेराने आमच्यासारखीच आहे, पण..." तो अडखळला. "जिने चढते. धाप लागत नाही तिला."

"तुम्ही सडपातळ होणार नाही," बाई म्हणाल्या, "पण बहिणीइतकं तरी जमायला हरकत नाही."

घरी बायकोने दुसऱ्यांदा वाढणं बंद केलं. पहिल्याच दिवशी तो खेकसला, "घास मोजतेस माझे?"

"अहो, झोपेत तुमचा श्वास अडकतो, तेव्हा माझ्या जिवाचं पाणी होतं," ती म्हणाली. मग तो ताटावरून उठला.

वर्षभरात वजन थोडं उतरलं, मग हटून बसलं. रक्तदाब मात्र ताळ्यावर आला. भीती तेवढी हलेना.

एके दिवशी मोठा मुलगा कामावरून दमून आला. आजोबांसारखीच मान, तसंच पोट. त्याचं ताट रिकामं होताच उस्तादच्या हातात आपसूक वाढायचा डाव आला. "घे रे, एवढ्याने काय होतंय!" आवाज हुबेहूब उस्तादच्या वडिलांचा होता. त्याने डाव खाली ठेवला.

"पोट भरलं का तुझं?"

मुलगा गोंधळला. "काय की. कधी बघितलंच नाही."

पुढच्या आठवड्यात बापलेक दवाखान्यात बाकावर शेजारी बसले होते. आतून मुलाला हाक आली आणि त्याच्याआधी बापच उठून उभा राहिला.