काढून ठेवलेली जाळी

अंबाजोगाईहून लेकीचा फोन आला तेव्हा मी माझ्या कापडदुकानाचं शटर अर्धं वर करून वाकलेलाच होतो.

"अण्णा, बाळाला काचेच्या पेटीतून काढलं! परवा सुट्टी देणार हायेत!"

माझ्या हातून शटर सुटलं. धाडकन आवाजानं समोरचा चहावाला दचकला, आणि मी भर बाजारात फोनवर ओरडत सुटलो. नऊ दिवस मी माझा नातू फक्त काचेतूनच पाहिला होता. जन्मतःच त्याला श्वास घ्यायला जड जात होतं, म्हणून आईजवळही नीट दिला नव्हता.

"पण डॉक्टर म्हणले, धुळीपासून लई जपा," लेक पुढं म्हणाली. तिचा आवाज जरा खाली आला. "आमचे सासरे म्हणायलेत, परळीचं घर राखेचं, सरळ लातूरलाच न्या. मी म्हणलं, माझे अण्णा घर धुऊन काढतील. उद्या संध्याकाळी व्हिडिओवर घर दाखवा, मग गाडी कुठली सांगायची ते ठरवू. धुताल ना?"

"धुताल ना काय विचारतीस? चकाचक करतो!" मी म्हणालो आणि शटरला कुलूप ठोकलं. त्या दिवशी गिऱ्हाईक गेलं उडत.

व्याही काही चुकीचं बोलले नव्हते. वीजकेंद्राच्या चिमण्यांमुळं आमच्या गावात राख ही पाहुणी नाही, घरचीच आहे. सकाळी पुसलेल्या खिडकीच्या कट्ट्यावर दुपारपर्यंत करडा थर बसतो. दुकानात पांढरं कापड मी वरच्या घडीवर ठेवतच नाही. लेक लहान असताना त्या कट्ट्यावरच्या थरात बोटानं अक्षरं काढायची. ग, म, भ, न ती तिथंच शिकली. पाटी घेऊन दिली होती, तिला ती हात लावायची नाही. पण ती चांगल्या छातीची पोर होती. ह्याचं तसं नव्हतं.

घरी आलो तो थेट गच्चीवर. सोबत माझं लाडकं प्रेशरचं मशीन. दोन वर्षांपूर्वी मी ते मागवलं तेव्हा बायको म्हणाली होती, "मोटारसायकल धुवायला तोफ आणली तुमी." म्हणू दे. बटण दाबलं आणि काय सांगू! पाण्याची धार फरशीवर आपटली की राखेचा काळपट ओघळ धावायचा आणि खालून विटकरी रंग वर यायचा. आमच्या गच्चीची फरशी विटकरी आहे हे मी विसरूनच गेलो होतो. मी एकटाच मोठ्यानं हसत होतो.

अर्धी गच्ची झाली आणि मशीन धापा टाकायला लागलं. घर्र, घर्र, थांब. धार कधी हातभर, कधी बोटभर. शेवटी म्हाताऱ्याच्या लघवीसारखी ठिबकायला लागली. मी मशीनला एक चापट मारली, दुसरी मारली, चार शिव्या हासडल्या. काही फरक नाही. कंपनीला फोन लावला तर एक गोड आवाज म्हणाला, माणूस आठवड्याभरात येईल. बाजारात विचारलं तर नवीन मशीन चार दिवसांनी. माझ्याकडे उद्याची संध्याकाळ होती.

तेवढ्यात दुकानावरचा एक शेतकरी गिऱ्हाईक आठवला. तो म्हणायचा, सिरसाळ्याला फवारणीचे पंप दुरुस्त करणारा एक मिस्त्री आहे, मेलेला पंप उठवतो. मशीन मोटारसायकलच्या मागच्या सीटला दोरीनं आवळलं आणि निघालो.

मिस्त्री माझ्याच वयाचा, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. फवारणीच्या पंपांच्या राशीत बसला होता. त्यानं मशीनकडं पाहिलं, तीन बोल्ट काढले, पंपाचं डोकं उचललं आणि आतलं माझ्यापुढं धरलं. बारीक व्हॉल्व्हमध्ये करड्या राखेचा लगदा गच्च बसलेला.

"पाणी जिथून आत जातंय तिथं जाळी असती," तो म्हणाला. "जाळी कुठंय?"

"काढली," मी म्हणालो.

"भाऊ, जाळी कावून काढली?"

आता याला काय सांगणार? आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदा तासभर पाणी. तेवढ्या वेळात सगळं भरून घ्यायचं. म्हणून आमच्या गल्लीत नवा नळ आला की आधी त्याची जाळी काढतात, मग तो बसवतात. मोटारीची जाळी काढतात, पाइपाची काढतात. पाण्याला अडवणारं काहीच आम्हाला सहन होत नाही. मशीन खोक्यातून निघालं त्याच दिवशी मी शिंपल्याएवढी ती प्लास्टिकची जाळी मोठ्या हुशारीनं उपटली होती. आणि पाणी घेत होतो गच्चीवरच्या टाकीतून, जिचं झाकण फुटलंय. तळाशी वीतभर राख असणार. नातवाच्या वाटेतली धोंड मीच आणून ठेवली होती. मला स्वतःचाच असा राग आला की कान गरम झाले.

मिस्त्रीनं व्हॉल्व्ह पेट्रोलनं धुतले. एक रबरी वायसर झिजला होता, तिथं फवारणीच्या पंपाचा घासून बसवला. तासाभरात मशीन चालू! धार समोरच्या बाभळीपर्यंत गेली. मी उडी मारून मशीन उचलायला गेलो तर त्यानं त्यावर हात ठेवला.

"जाळी आणा. बिगर जाळीचं मी देत न्हाई. उद्या दुपारी पुन्हा इथंच येताल."

मी चिडलो, नातवाचं सांगितलं, आवाज चढवला. तो म्हणाला, "नातवासाठीच म्हणायलोय," आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

बायकोला फोन केला. दोन वर्षांपूर्वी काढलेली ती एवढीशी जाळी कुठं सापडणार, असं धरूनच बोललो. ती शांतपणे म्हणाली, "तुमी काढून फेकलेलं मी फेकीत न्हाई. शिलाई मशीनच्या खणात हायेत. कोणती पायजे? अकरा हायेत."

ती काळीपिवळी जीपमध्ये बसून सिरसाळ्याला आली. पदराच्या गाठीत अकराच्या अकरा जाळ्या. मिस्त्रीनं त्या ओळीनं मांडल्या, सातवी उचलली आणि टक्कन बसवली. बायको माझ्याकडं बघत होती. मला तिला तिथंच, पंपांच्या राशीत, मिठी मारावीशी वाटली. सिरसाळ्याच्या बाजारात तसं करता येत नाही, म्हणून मी तिला भजी खाऊ घातली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच भिडलो. मिस्त्रीच्या सांगण्यावरून ड्रममधून पाणी घेतलं आणि ड्रमच्या तोंडाला दुकानातलं चांगल्यापैकी मलमल बांधलं. त्यावर राखेची चिखलपोळी साचायची, बायको ते पिळून पुन्हा बांधायची. गच्ची, जिना, भिंती, खिडक्यांचे गज, अंगण. आमचं पाणी संपलं तर शेजारणीनं विचारण्याआधीच भिंतीवरून पाइप टाकला. मी डोक्यापासून पायापर्यंत भिजलो होतो आणि वेड्यासारखा आनंदात होतो. माझं घर पिवळं होतं! रंग दिला तेव्हाचा पिवळा!

संध्याकाळी मोबाइल धरून घरभर फिरलो. पलीकडं व्याही चष्मा वर-खाली करत होते. "कोपरा दाखवा," म्हणाले. दाखवला. "कपाटाच्या मागं?" तेही दाखवलं. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, "गाडी परळीला येतीय."

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी आली. बायकोनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. लेक आत आली, दुपट्यातलं गाठोडं तिनं माझ्या हातात दिलं. मधे काच नव्हती. त्याचा श्वास माझ्या मनगटाला लागत होता, एकसारखा, ऊबदार. चार दिवसांत राख पुन्हा बसणार हे मला ठाऊक होतं. बसू दे. मशीन होतं, जाळी होती, मी होतो.

लेक तेवढ्यात खिडकीकडं गेली होती. जुन्या सवयीनं तिनं कट्ट्यावरून बोट ओढलं आणि ते मला दाखवलं. स्वच्छ. ती हसत होती आणि डोळे भरून आले होते.

"अण्णा," ती म्हणाली, "आता ह्यानं ग, म, भ, न गिरवायचं कुठं?"

"पाटी आणतो की," मी म्हणालो.