थुंकीची डबी

आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मागच्या अंगाला माझी खोली आहे. खोलीत एसी आहे, पण तो मशीनसाठी. थुंकीतला क्षयाचा जंतू शोधणारं हे मशीन. मायक्रोस्कोपखाली दिसणार नाहीत इतके थोडे जंतू असले तरी ते त्यांच्या डीएनएच्या प्रती काढत सुटतं, एकाच्या दोन, दोनाच्या चार, आणि दोनेक तासांत सांगतं, आहे की नाही. कित्येक वर्षं मी त्याच्यापुढं बसतोय. एसीतच माझे गुडघे गेले.

करोनात याच मशीनवर नाकातले नमुने लावले. तेव्हा लोक मला लांबूनच का होईना, हात जोडायचे. आता मी पुन्हा थुंकीवाला झालो. लग्नकार्यात एखादा पाहुणा कोपऱ्यात घेऊन विचारतोच, पोरगं कुणाचं ते तुमच्या मशीनवर कळतं का. मी सांगतो, कळत नाही. वाळलेल्या रक्ताच्या डागावरून माणूस ओळखणाऱ्या प्रयोगशाळा वेगळ्या, पोलिसांच्या कामाच्या. युक्ती तीच, पण माझं मशीन जंतूशिवाय काही बघत नाही. डबीत काय आहे ते सांगतं. डबी कुणाची, हे मी चिठ्ठीवर लिहितो तेवढंच. पाहुणा हिरमुसतो आणि जेवायला जातो.

मेंढरं घेऊन फिरणारं एक कुटुंब उन्हाळ्याच्या तोंडाला सास्तूरकडच्या शिवारात उतरलं होतं. तिथली सासू सुनेला घेऊन आली. सून वाळून गेलेली, संध्याकाळी कणकण. आठ महिन्यांचं लेकरू सासूच्या कडेवर. डॉक्टरांनी थुंकी तपासायला लिहिली.

मी डबी दिली आणि रोजचं पाठ झालेलं बोललो. चूळ भरा, खोल श्वास घ्या, छातीतून खोकून काढा, नुसती लाळ आणली तर पुन्हा यावं लागेल. डबी उघड्यावर भरायची असते. पण आमच्याकडं बाई परक्या पुरुषासमोर खाकरत नाही, त्यात सासू शेजारी असली की नाहीच नाही. म्हणून बायका पाण्याच्या टाकीमागं जातात. खरं तर सिस्टरनं सोबत जायचं. सिस्टर लसीकरणाला गेल्या होत्या, आणि मी सकाळपासून उभा होतो. सासूला म्हणालो, "मावशी, तुम्हीच जा संगं."

दोघी लगेच परत आल्या. डबीत घट्ट, पिवळा बेडका. असा नमुना आला की आम्हाला बरं वाटतं. लिहायला लाज वाटते, पण वाटतं.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. साध्या गोळ्या लागू पडतील असंही मशीननं सांगितलं. सुनेला त्याच दिवशी दोन महिन्यांच्या गोळ्या दिल्या. घरात अजून कुणाला खोकला आहे का, हे विचारायचं असतं. विचारलं. म्हातारी म्हणाली, "मला हाय की, पर त्यो जुना. तमाखूचा." मी कागदावर 'नाही' लिहिलं. बाळाला प्रतिबंधक औषध द्यायचं ठरलं, पण आशाताई ते घेऊन पोचेपर्यंत मेंढरं पुढच्या शिवारात गेली होती.

दोन महिन्यांनी तिघं पुन्हा आली. सुनेच्या अंगावर मांस आलं होतं. मी खूश झालो. या वेळची तपासणी मायक्रोस्कोपवर करतात, कारण मशीन मेलेले जंतूही धरतं. पुन्हा डबी, पुन्हा टाकी. काच लावून बघितली तर लाल काड्यांचा, म्हणजे जंतूंचा, नुसता बुजबुजाट. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडत नाहीय, मशीनवर घ्या. मशीन म्हणालं, औषधाला काही अडचण नाही. मग बाई सुधारलेली आणि थुंकी बिघडलेली, हे कसं, याचा विचार करत मी दारात येऊन उभा राहिलो. बाकड्यावर सून शांत बसली होती. खोकत होती ती म्हातारी. बाळ तिच्या मांडीवर होतं.

"मावशी, डबी कुणी भरली?"

"म्या."

"आणि मागची?"

"ती बी म्याच. हिला कुठं बेडका येतोय? नुसती थुकी. तुमीच म्हनला, थुकी चालत न्हाय, पुन्हा यावं लागंल. ही लेकुरवाळी, उनातानाचं कितीदा आणावं हिला? मला तर लई येतंय. म्हनलं, द्यावी भरून."

सून मान खाली घालून बसली होती. सासूपुढं ती काय बोलणार? मला ओरडायचं होतं. पण ओरडायला अंगात जोर लागतो, आणि म्हातारीनं केलं होतं ते मायेनं. टाकीमागं मी गेलो नव्हतो, 'नाही'ही मीच लिहिलं होतं. सुनेला क्षय होता, की बाळंतपणानंतरचा नुसता अशक्तपणा, हे आता कुणालाच खात्रीनं सांगता येईना. गोळ्या मात्र तिनं इमानेइतबारे खाल्ल्या होत्या. ज्या छातीसाठी त्या होत्या, ती छाती शेजारीच होती.

"लेकरू कुणापाशी निजतं?" मी विचारलं.

"माझ्याच कुशीत."

म्हातारीची डबी मी समोर उभं राहून भरून घेतली. या वयात तिला कसली लाज अन् कसलं काय. ती पॉझिटिव्हच येणार होती, तशी आली. सगळ्यांना वॉर्डात ठेवून घेतलं. दहा महिन्यांचं लेकरू थुंकत नाही, गिळतं. म्हणून सकाळी उपाशीपोटी नाकातून बारीक नळी घालून पोटातलं पाणी काढतात. ते रडणं मला माझ्या खोलीपर्यंत ऐकू आलं. नमुना मशीनमध्ये घातला आणि बसलो. म्हातारी बाळाला घेऊन उंबऱ्याबाहेर बसली. मी दोनदा आत बोलावलं, पण ती आली नाही.

दोन तासांनी पडद्यावर आलं. जंतू आहे, अत्यल्प. मायक्रोस्कोपखाली हा कधीच सापडला नसता. मशीनचं कौतुक करावं असाच निकाल.

बाहेर येऊन सांगितलं, बाळालाही औषध सुरू करायचं, लवकर कळलंय, बरं होईल. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "माझंच गेलं का त्येला?"

"मशीनला ते कळत न्हाय, मावशी," मी म्हणालो.

ते खरंच होतं. मग तिनं बाळ सुनेच्या हातात दिलं, पदर तोंडावर घेतला आणि उठून पार लांबच्या बाकड्यावर जाऊन बसली. बाळ तिच्याकडं हात करून रडत होतं.